दोरी, कागद आणि टिचबटण: पेशी डीएनएच्या गाठी कशा सोडवते हे हाताने करून पाहण्याची रीत

मराठीत गाठीचे दोन प्रकार सांगतात. टोक ओढताच सुटते ती सुरगाठ आणि ओढल्यावर आणखी आवळते ती निरगाठ. दोन्ही गाठी सोडवता येतात, कारण दोरीला मोकळे टोक असते आणि ते मागे-मागे ओवून बाहेर काढता येते. पेशीतील डीएनएच्या बाबतीत ही सोय जवळजवळ नसतेच. जीवाणूचा डीएनए बहुधा बंद कड्यासारखा असतो. आपल्या गुणसूत्रांना टोके आहेत, पण ती इतकी दूर असतात आणि मधला डीएनए जागोजागी प्रथिनांना असा जखडलेला असतो की टोक ओढून गाठ सोडवण्याचा विचारच व्यर्थ ठरतो. तरीही पेशी दर विभाजनाच्या वेळी हा गुंता सोडवते. तो कसा सोडवते, हे वाचून जेवढे कळते त्याहून पुष्कळ जास्त हातात दोरी घेतल्यावर कळते, म्हणून ही कृती लिहिली आहे. नववीपासून पुढच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ती जमेल. दोघांनी मिळून केल्यास उत्तम, कारण एका टप्प्यावर तिसरा हात लागतोच.

साहित्य साधे आहे: दोन पेड स्पष्ट दिसतील अशी, सुमारे दोन मिलिमीटर जाडीची सुती दोरी पाच-सहा मीटर, जुन्या कॅलेंडरचा जाडसर कागद, कात्री, चिकटपट्टी, पेन्सिल, लाल आणि निळा स्केचपेन, सुईदोरा, एक टिचबटण आणि झाकणाचा एक रिकामा डबा. नायलॉनची दोरी शक्यतो टाळावी. ती गुळगुळीत असल्याने पीळ धरत नाही आणि मग पहिलाच प्रयोग फसतो.

सुरुवात करण्यापूर्वी दोरीकडे जरा मापाच्या नजरेने पाहावे. डीएनएची जाडी सुमारे दोन नॅनोमीटर असते, म्हणजे आपली दोन मिलिमीटरची दोरी ही डीएनएची दहा लाख पटींनी मोठी केलेली प्रतिकृती आहे. माणसाच्या एका पेशीत एकूण सुमारे दोन मीटर डीएनए असतो. त्याच पटीने तो वाढवला तर दोन हजार किलोमीटर दोरी होते, मुंबईहून कोलकात्याला रस्त्याने जेवढे अंतर पडते साधारण तेवढी. ही दोरी ४६ तुकड्यांत विभागलेली आहे आणि ती सगळी दहाएक मीटर व्यासाच्या एका गोल खोलीत भरायची आहे. ई. कोलाय या जीवाणूचा हिशेब त्याहून गमतीचा आहे: दोन मीटर लांब आणि एक मीटर जाड असे पिंप घ्यायचे आणि त्यात १.६ किलोमीटर लांबीचे दोरीचे एकच बंद कडे कोंबायचे.

आता डबा घ्यावा. सुमारे तीन मीटर दोरी सैलसर डब्यात सोडावी, झाकण लावावे आणि डबा दहा-पंधरा सेकंद उलटसुलट फिरवावा. मग दोरीची दोन्ही टोके शोधून हलकेच ओढावीत. चार-पाच वेळा करून पाहिले तर बहुधा एक-दोनदा तरी गाठ सापडते. हाच खेळ डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी अमेरिकेत सॅन डिएगो येथे फिरत्या पेटीत ३,४१५ वेळा करून २००७ साली प्रसिद्ध केला. गाठी काही सेकंदांतच पडतात, १२० निरनिराळ्या प्रकारांच्या गाठी मिळतात आणि ४६ सेंटिमीटरहून आखूड दोरीला मात्र गाठ पडत नाही, असे त्यांना आढळले. लांब आणि लवचीक वस्तू लहान जागेत हलत राहिली की गाठ ही पडायचीच. त्यासाठी कोणी ती मारावी लागत नाही. पेशीत डीएनए सतत हलत असतो.

गाठीपेक्षाही मोठी अडचण पिळाची आहे. दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला घट्ट बांधावे आणि दुसरे टोक जोडीदाराला मुठीत पक्के धरायला सांगावे, इतके पक्के की ते त्याच्या हातात फिरता कामा नये. मधोमध दोन पेड बोटांनी फाकवावेत, त्यात पेन्सिल घालावी आणि ती गजाच्या दिशेने हळूहळू सरकवावी. पेन्सिलीच्या पुढे पीळ दाटत जातो, दोरी टणक होते, मग तिला तिढा पडतो आणि ती स्वतःभोवतीच वेटाळू लागते. शेवटी पेन्सिल पुढे जाईनाशी होते. इथे घाई करू नये. पेन्सिल अडते तो क्षण प्रत्येकाने स्वतःच्या बोटांनी अनुभवावा, कारण डीएनएची नक्कल होताना पेशीपुढे नेमकी हीच अडचण उभी राहते. नक्कल करायची तर दोन पेड सुटे करावे लागतात, आणि पेड सुटे केले की त्यांच्यामधला पीळ नाहीसा होत नाही, तो नुसता पुढे ढकलला जातो.

डीएनएच्या दोन पेडांना शिडीच्या पायऱ्यांसारख्या जोडणाऱ्या घटकांना आधारजोड्या म्हणतात. दर साडेदहा आधारजोड्यांमागे एक पूर्ण पीळ असतो. ई. कोलायच्या डीएनएत सुमारे ४६ लाख आधारजोड्या, म्हणजे जवळपास ४ लाख ४० हजार पीळ आहेत. नक्कल एका ठिकाणी सुरू होऊन दोन्ही बाजूंना सरकते आणि सुमारे चाळीस मिनिटांत पुरी होते. म्हणजे प्रत्येक बाजूला सेकंदाला जवळजवळ हजार आधारजोड्या उघडल्या जातात आणि सेकंदाला नव्वदहून अधिक पीळ पुढे साचतात. आपली पेन्सिल दहा-बारा पिळांतच अडली होती. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी दुपेडी रचना मांडली तेव्हा हा पीळ सुटणार कसा, हा प्रश्न त्यांनाही दिसला होता. पुढच्याच वर्षी मॅक्स डेलब्रुक यांनी, पेड मध्येच तुटत आणि पुन्हा सांधत असले पाहिजेत, असा तर्क केला. तसे करणारे विकर, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, प्रत्यक्ष सापडायला १९७१ साल उजाडले. जेम्स वांग यांना ते ई. कोलायमध्ये मिळाले. आज या विकरांच्या कुळाला टोपोआयसोमरेज म्हणतात.

तिढा पडलेली दोरी तशीच ठेवून पुढची कृती करावी. पेन्सिलीच्या पुढच्या भागात कात्रीने एकच पेड कापावा, पण कापण्यापूर्वी त्याची दोन्ही बाजूंची टोके चिमटीत धरून ठेवावीत. कापल्यानंतर एक टोक दुसऱ्या, अखंड पेडाभोवतून एकदा फिरवून पुन्हा पहिल्या टोकाशी आणावे आणि तिथे चिकटपट्टी लावावी. एक पीळ कमी झाला. पहिल्या प्रकारची टोपोआयसोमरेज हेच करतात: एक पेड कापतात, त्या फटीतून पिळाचा हिशेब कमी करतात आणि पेड पुन्हा सांधतात. दुसऱ्या प्रकारची विकरे दोन्ही पेड एकदम कापून त्या खिंडीतून दुपेडी डीएनएचाच दुसरा भाग पार करतात, म्हणून एका खेपेत हिशेब दोनने बदलतो. ई. कोलायमधील गायरेज हे दुसऱ्या प्रकारचे विकर १९७६ साली मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. ते एटीपी या पेशीच्या इंधनाची ऊर्जा खर्चून डीएनएला मुद्दाम उलटा पीळ देऊन ठेवते, म्हणजे पुढे साचणाऱ्या सुलट्या पिळाची आधीच वजाबाकी झालेली असते.

पिळाचा हिशेब हा शब्द सैलपणे वापरलेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असे आपण हट्टी माणसाविषयी म्हणतो. बंद कड्याच्या बाबतीत ते गणितानेच खरे आहे. एक पेड दुसऱ्याभोवती किती वेळा गुंफलेला आहे, ही संख्या कडे कितीही वाकवा, चुरगाळा किंवा वेटाळा, बदलत नाही. ती बदलण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे कापणे. हे पडताळून पाहण्यासाठी आता कागद घ्यावा.

साठ सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद अशा तीन पट्ट्या कापाव्यात. कॅलेंडरचे पान तेवढे लांब नसेल तर दोन तुकडे जोडावेत. प्रत्येक पट्टीची एक कड दोन्ही बाजूंनी लाल आणि दुसरी कड निळी रंगवावी. या दोन कडा म्हणजे डीएनएचे दोन पेड. पहिल्या पट्टीला एक पूर्ण पीळ, म्हणजे दोन अर्धे पीळ, देऊन तिची टोके चिकटपट्टीने जोडावीत. लाल कड लालला आणि निळी निळीला मिळाली पाहिजे. मग पट्टी मध्यरेषेवरून लांबीच्या दिशेने कापत जावे. कात्री सुरुवातीच्या जागी परत आली की हातात एक लाल आणि एक निळी अशी दोन कडी येतात, आणि ती एकमेकांत अडकलेली असतात. दुसऱ्या पट्टीला दोन पूर्ण पीळ द्यावेत. आता कडी एकमेकांत दोनदा अडकतात. जितके पीळ तितके अडकणे, असा सरळ हिशेब. कापताना कात्रीचे टोक मध्यरेषेवरून घसरले तर कागद फाटतो, म्हणून आधी पेन्सिलीने रेघ आखून घ्यावी. ई. कोलायच्या डीएनएत असे अडकणे जवळपास ४ लाख ४० हजार असते, आणि पेशी दुभंगण्यापूर्वी ते शून्यावर आणावे लागते. एक जरी शिल्लक राहिले तरी दोन्ही नव्या रेणूंची एकमेकांशी साखळी राहते. त्यातले बरेचसे पीळ नक्कल चालू असतानाच पुढच्या बाजूला सुटतात. जे मागे सरकतात त्यांच्यामुळे दोन नवे डीएनए एकमेकांभोवती गुंफले जातात, आणि ती साखळी सोडवण्याचे मुख्य काम जीवाणूत टोपोआयसोमरेज चार हे दुसऱ्या प्रकारचे विकर करते. यीस्टमध्ये दुसऱ्या प्रकारच्या विकराशिवाय विभाजन पार पडत नाही, हे १९८५ साली दाखवण्यात आले.

तिसऱ्या पट्टीला तीन अर्धे पीळ द्यावेत. आता लाल कड निळीला जाऊन मिळते, आणि मध्यरेषेवरून कापल्यावर दोन कडी न होता एकच लांब कडे हातात येते, त्यात गाठ असलेले. ही तीन छेदांची गाठ, सगळ्यात साधी. छेद म्हणजे इथे काप नव्हे, दोरी स्वतःलाच ओलांडून जाते ती जागा. डीएनएला मात्र ही वाट खुली नसते, कारण त्याचे दोन पेड परस्परांच्या उलट दिशेने जातात आणि एका पेडाचे टोक दुसऱ्या पेडाशी असे सांधले जात नाही. पट्टीचा उपयोग फक्त गाठ डोळ्यांनी नीट पाहण्यासाठी आहे.

मुख्य कृती पुढे आहे. दोन मीटर दोरी घेऊन तिला मध्ये एक साधी, सैल गाठ मारावी आणि दोन्ही टोके सुईदोऱ्याने एकमेकांना पक्की शिवून टाकावीत. झाले गाठीचे बंद कडे. ते टेबलावर पसरून गाठ सोडवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. पाच मिनिटे तरी द्यावीत. मुले हमखास हट्टाला पेटतात, आणि त्यांना पेटू द्यावे. गाठ इकडून तिकडे सरकते, लहान-मोठी होते, पण जात नाही. मग शिवणीपासून दूर एका जागी दोरी कापून तिथे टिचबटणाचे दोन भाग दोन टोकांना शिवावेत आणि बटण लावून टाकावे. हे टिचबटण म्हणजे विकराची जागा.

कडे टेबलावर असे पसरावे की तीन छेद स्पष्ट दिसतील. गाठ सरकवत टिचबटण कोणत्याही एका छेदापाशी, वरच्या दोरीवर आणावे. आता एकाने बटणाच्या दोन्ही बाजूंची दोरी दोन हातांत धरून बटण उघडावे आणि हात फक्त दोन बोटे अंतरावर न्यावेत. जोडीदाराने खालून जाणारी दोरी त्या फटीतून वर उचलावी. पहिल्याने लगेच बटण लावावे. कडे हलवून पाहावे: गाठ गेलेली असते, सरळ गोल कडे उरते. तिन्हींपैकी कोणताही छेद निवडला तरी फळ हेच.

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, असे मला विचारले तर मी कापण्यापेक्षा धरून ठेवण्याकडे बोट दाखवीन. विकर डीएनए कापते तेव्हा विकरातील टायरोसिन या अमिनो आम्लाचा कापलेल्या टोकाशी रासायनिक बंध जुळतो. दुसऱ्या प्रकारच्या विकरात असे दोन टायरोसिन असतात, दोन पेडांना एकेक. तुटलेल्या बंधाची ऊर्जा या नव्या बंधात राखून ठेवलेली असते, म्हणून सांधताना वेगळी ऊर्जा लागत नाही, आणि टोके कधी मोकळी सुटतच नाहीत. एटीपी लागते ती विकराची दारे उघडझाप करण्यासाठी. दारे म्हणण्याचे कारण असे की दुसरा डीएनए वरच्या दाराने आत येतो, कापलेल्या खिंडीतून पार होतो आणि खालच्या दाराने बाहेर पडतो.

कृती पुन्हा करावी आणि या वेळी बटण उघडल्यावर एक हात मुद्दाम सोडून द्यावा. टोक सरकते, दोरी मोकळी होते, कुठले टोक कुठे गेले ते शोधावे लागते. पेशीच्या दृष्टीने दोन्ही पेड असे तुटणे म्हणजे प्राणांशी गाठ असते, आणि अनेक औषधे याच क्षणावर बेतलेली आहेत. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक जीवाणूंच्या गायरेजला आणि टोपोआयसोमरेज चारला, तर कर्करोगावरील इटोपोसाइड हे माणसातील दुसऱ्या प्रकारच्या विकराला कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवते. सांधणारा हात आखडतो आणि पेशी स्वतःच्याच कात्रीने मरते.

पहिल्या प्रकारच्या विकराला असेच अडकवणाऱ्या कॅम्पटोथेसिनची हकिकत मराठी वाचकाला जवळची वाटेल. हे द्रव्य एका चिनी वृक्षापासून वेगळे करून १९६६ साली प्रसिद्ध करणाऱ्या अमेरिकेतील गटात मनरो वॉल यांच्याबरोबर मनसुख वाणी होते. त्यांचा जन्म नंदुरबारचा आणि शिक्षण मुंबई विद्यापीठाचे. १९७२ साली टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तेच द्रव्य सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडात असल्याचे दाखवले. ते डीएनए कापणाऱ्या विकरालाच धरते हे कळायला पुढे १९८५ साल यावे लागले. पुढे नरक्याची बेसुमार तोड झाली. ज्या झाडाच्या नावातच त्याची दुर्गंधी आहे, त्याच्या वाट्याला हे आले.

आता टेबलावरच्या कड्याकडे परत यावे, कारण एक शंका चौकस विद्यार्थी विचारतोच. गाठ नसलेले कडे घ्या, ते वेडेवाकडे पसरून तीन छेद पडू द्या आणि टिचबटणाने एक छेद उलटा करा: नशीब वाईट असेल तर गाठ नव्याने पडते. म्हणजे हे साधन गाठ सोडवते तसे घालूही शकते. विकर तर डीएनएच्या मानाने चिमुकले. संपूर्ण कडे गाठीचे आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. ते आंधळेपणाने छेद उलटवत राहिले असते तर केवळ योगायोगाने जेवढ्या गाठी पडतात तेवढ्या शिल्लक राहिल्या असत्या. १९९७ साली निकोलस कोझारेली यांच्या गटाने मोजून दाखवले की दुसऱ्या प्रकारची विकरे गाठींचे प्रमाण योगायोगाच्या पातळीहून ऐंशी पटींपर्यंत खाली आणतात. याचे एक स्पष्टीकरण विकराच्या ठेवणीत आहे: ते ज्या डीएनएला कापते त्याला आधी जोराने वाकवते, आणि मग दुसरा भाग त्या बाकाच्या आतल्या बाजूनेच बाहेर जाऊ देते. दोरीला टिचबटणापाशी इंग्रजी यू अक्षरासारखा बाक देऊन आणि फक्त आतून बाहेर हाच नियम पाळून कृती वीस-पंचवीस वेळा करावी आणि वहीत गाठींची नोंद ठेवावी. कंटाळवाणे काम आहे, पण नियमाशिवाय केलेल्या नोंदीशेजारी ती ठेवली की फरक पाहता येतो.

गाठ सोडवण्यापूर्वी ती पडूच नये अशी व्यवस्थाही पेशीत असते. आपल्या केंद्रकात डीएनएचा सुमारे १४७ आधारजोड्यांचा एकेक भाग हिस्टोन प्रथिनांच्या रिळावर पावणेदोन वेढे गुंडाळलेला असतो आणि पुढे कंडेन्सिनसारखी प्रथिने त्याचे फास ओढून गुणसूत्र आवळतात. लोकरीचा गुंडा नीट गुंडाळून ठेवणाऱ्या घरात गुंता कमी होतो, तसाच हा प्रकार.

ज्यांच्या महाविद्यालयात जेल इलेक्ट्रोफोरेसिसची, म्हणजे विजेच्या जोरावर डीएनएचे रेणू जेलमधून सरकवून वेगळे करण्याची, सोय आहे त्यांनी हीच गोष्ट खऱ्या रेणूंवर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, पाहावी. क्रिथिडिया या एकपेशीय जीवाचा डीएनए विकत मिळतो. त्यात सुमारे २,५०० आधारजोड्यांची हजारो लहान कडी चिलखताच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकून जाळे झालेली असतात. दोन नळ्यांत हा डीएनए, मॅग्नेशियम असलेले बफर आणि दुसऱ्या प्रकारचे विकर घ्यावे. एटीपी फक्त एकीत घालावे. अर्धा तास ३७ अंश सेल्सिअसला ठेवून एसडीएस (साबणासारखे रसायन) आणि प्रोटिनेज के (प्रथिने तोडणारे विकर) घालून क्रिया थांबवावी, कारण काही विकरे अजून डीएनएला चिकटलेली असतात. मग एक टक्का अ‍ॅगरोजच्या जेलवर कमी व्होल्टेजने चालवावे. इथिडियम ब्रोमाइड हे डीएनए रंगवणारे द्रव्य जेलमध्ये आधी मिसळण्याचा मोह टाळावा. ते आधारजोड्यांच्या मध्ये शिरून पीळ स्वतःच सैल करते, त्यामुळे पिळाचा कोणताही प्रयोग करताना जेल चालवून झाल्यावरच रंगवण्याची सवय बरी. शिवाय ते जनुकीय बदल घडवणारे रसायन आहे. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये. अतिनील दिव्याखाली धरल्यावर एटीपी नसलेल्या नळीतील जाळे जेलच्या खाचेतच अडून बसलेले दिसते, आणि शेजारच्या रांगेत, खाचेपासून बरेच खाली, सुटलेल्या कड्यांचे पट्टे चमकत असतात.